भूत विसरले जाते, पोरगी लक्षात राहते: किशोरांच्या भुताखेतांच्या कादंबऱ्यांविषयी एक प्रश्न

धुऱ्यावरचा वाचक (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. माझे वय सव्वीस आहे. घरची साडेपाच एकर शेती आहे आणि हरभरा घाट्यावर आला की महिना-सव्वा महिना मी रात्री जागलीला असतो. रोही आणि रानडुकरे यांच्यापायी माळ्यावर जागे राहावेच लागते, आणि डोळा लागू नये म्हणून मी मोबाइलवर पुस्तके वाचतो. इंग्रजी माझे बेताचेच आहे, पण शब्दकोश उघडा ठेवून वाचले तर रात्रीला पंधरा-वीस पाने होतात.

गेल्या दोन हंगामांत मी जोनाथन स्ट्राउड या ब्रिटिश लेखकाची ‘लॉकवुड अँड कंपनी’ ही मालिका वाचून काढली. पाच पुस्तके आहेत, पहिले २०१३ सालचे आणि शेवटचे २०१७ चे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये पन्नासेक वर्षांपासून रात्री भुते दिसू लागली आहेत, त्यांचा नुसता स्पर्श झाला तरी माणूस मरतो, आणि ती दिसण्याची किंवा ऐकू येण्याची शक्ती फक्त लहान वयात असते. मोठे झाले की ती जाते. त्यामुळे भुते पकडण्याचे काम मुलांच्या हाती आले आहे आणि मोठी माणसे मागे उभी राहून हुकूम सोडतात. लॉकवुड, ल्यूसी आणि जॉर्ज ही तीन पोरे मात्र एकाही मोठ्या माणसाला न ठेवता स्वतःची कंपनी चालवतात. त्यांची हत्यारे म्हणजे लोखंडाच्या साखळ्या, पातळ तलवार आणि मीठ. हे वाचून मला हसू आले, कारण आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात आणि दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेतात; साहेबाचे भूतही त्याच दोन वस्तूंना भिते.

आता माझी अडचण. या पाच पुस्तकांतली भुते मला जवळजवळ आठवत नाहीत. कोणत्या वाड्यात काय निघाले, कोणत्या जिन्यावर कोण ओरडत होते, सगळे एकमेकांत मिसळून गेले आहे. पण ल्यूसी आठवते. लंडनला येण्याआधी तिने एका कामगिरीत स्वतःच्या कानांपेक्षा वरिष्ठाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि सोबतची मुले गेली. पुढे प्रत्येक अंधाऱ्या खोलीत पाय ठेवताना तिच्या मनात तोच हिशेब चालू असतो. बरणीतली एक कवटी तिच्याशी बोलते, टोमणे मारते, आणि ती त्या कवटीवर चिडतेही आणि तिच्याशिवाय तिला करमतही नाही. हे सारे मला शेजारच्या घरात घडल्यासारखे आठवते.

मी भूत मानत नाही. आमच्या वडिलांना एकदा स्वतःच्याच पांदणीत चकवा लागला होता, म्हणजे अर्धी रात्र फिरून ते पुन्हा त्याच बाभळीपाशी येत राहिले. पण त्यांनीही सकाळी सांगितले की धुके होते आणि बॅटरी संपली होती. तेव्हा न मानणाऱ्या माणसाला, तेही या वयात, पोरांसाठी लिहिलेल्या भुतांच्या पुस्तकांनी एवढे का धरून ठेवावे? आणि मराठीत असे काही आहे का, ज्यात भुताला तोंड देणारे माणूस पंधरा-सोळा वर्षांचे आहे आणि ते पुस्तक मिटल्यावरही सोबत राहते? आई म्हणते, “रातच्या पारी भुताचं वाचतं, अन् मंग दिवसा निजते.” तिला देण्यासारखे उत्तर असेल तर तेही सांगावे.

ड वर्ग वाचनालय (अमरावती जिल्हा)

भाऊ, वयाचा संकोच सोडा. माझे वय चोपन्न आहे आणि मीही ही पुस्तके वाचतो. एक तर वाचनालय सांभाळणाऱ्याला पोरांच्या हातात काय जाते हे ठाऊक असावे लागते, आणि दुसरे म्हणजे मला ती आवडतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे असे मला वाटते. ल्यूसीचे दुखणे भूत येण्याच्या आधीचे आहे. चांगल्या लेखकाचे भूत कोणत्याही दारातून आत शिरत नाही, ते त्या माणसाची जी जागा आधीच दुखरी आहे तिथेच येऊन बोट ठेवते. म्हणून भूत गेले तरी ती जागा आपल्या लक्षात राहते. ज्या कथेत माणूस कोरा आहे आणि भूत तेवढे सजवलेले आहे, ती कथा वाचताना अंगावर काटा येतो आणि चहा पिईपर्यंत तो जातोही.

याचा सगळ्यात चोख नमुना माझ्या मते ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ ही २०११ सालची कादंबरी आहे. शिव्हॉन डाउड या लेखिकेची ही कल्पना. २००७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या आणि मग पॅट्रिक नेस यांनी ती लिहून पूर्ण केली. कॉनर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आहे, त्याची आई आजारी आहे, आणि रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचे यू जातीचे जुने झाड चालत त्याच्या खिडकीशी येते. गंमत अशी की मुलगा त्या राक्षसाला घाबरतच नाही. त्याने स्वप्नात त्याहून वाईट पाहिले आहे आणि ते तो कुणालाही सांगत नाही. झाड त्याला तीन गोष्टी सांगते आणि चौथी गोष्ट त्याने सांगायची, तीही खरी, असा त्यांचा करार आहे.

हे पुस्तक मी दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात मराठीत तोंडी सांगितले होते, रोज संध्याकाळी अर्धा तास. संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी चालू होती, म्हणून पोरे उशिरा येत, हातांना सालीचा वास घेऊन. त्यांतल्या एका नववीतल्या पोराची आई तेव्हा नागपूरला उपचारासाठी असे आणि तो आठवड्यातून तीन दिवस मावशीकडे जेवायचा. मला ते माहीत होते, त्यामुळे हे पुस्तक घ्यावे की नाही याचा मी बराच विचार केला होता. तो शेवटच्या रांगेत चपलांजवळ बसायचा. चौथ्या गोष्टीच्या दिवशी सगळी पोरे गेल्यावर तो थांबला, त्याने सतरंजी झटकून घडी केली, कपाटावर ठेवली आणि विचारले, “सर, त्या झाडाची वेळ बारा-सातच कावून हाये?” मी म्हटले, पुस्तकात शेवटी कळते, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांत आधी आला होता. यापुढे सांगण्यासारखे काही नाही. पण तुमच्या आईला उत्तर हवे असेल तर मी एवढेच सांगेन की काही गोष्टी पोरे माणसाला विचारत नाहीत, झाडाला विचारतात.

मराठीचा प्रश्न अवघड आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) हे दोन खांब आपल्याकडे आहेत, आणि आमच्या वाचनालयात धारपांच्या पुस्तकांची पाने इतकी हाताळली गेली आहेत की दोन वेळा बांधणी करून घ्यावी लागली. मतकरींच्या गूढकथांत माणसाचे मन फार बारकाईने येते. पण या दोघांचे बहुतेक नायक मोठी माणसे आहेत. उलट ‘अलबत्त्या गलबत्त्या’ या मतकरींच्याच नाटकातली चेटकीण ही पाच-सात वर्षांच्या मुलांची. मधले वय रिकामे राहिले आहे. धाडसाच्या गोष्टींत मात्र ते रिकामे नाही: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नुसत्या ‘ट्टॉक’वरून साठीच्या माणसालाही ओळखू येतो. तसे एक पोर आपल्या भुतांच्या गोष्टींना मिळाले नाही, ही माझी जुनी खंत आहे.

आणखी एक नाव सुचवतो, ‘द ग्रेव्हयार्ड बुक’, २००८ सालचे. घरच्यांचा खून झालेले एक तान्हे पोर रांगत-चालत कबरस्तानात जाते आणि तिथली भुते त्याला वाढवतात. याची बांधणी किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतलेली आहे, आणि मोगलीच्या त्या टेकड्या म्हणजे आपल्या पेंचच्या पलीकडचे सिवनी. तेव्हा हे पुस्तक म्हणजे आपल्या शेजारचीच गोष्ट विलायतेला जाऊन, कपडे बदलून परत आली आहे असे समजायला हरकत नाही.

झाडीतला कार्यकर्ता (गडचिरोली जिल्हा)

मला या चर्चेत थोडे मीठ टाकावेसे वाटते, आणि ते दृष्ट काढण्याचे नाही.

मी ज्या भागात काम करतो तिथे भूत ही रात्री वाचायची चीज नाही. एखाद्या घरात लागोपाठ दोन तापाचे रुग्ण झाले की गावात कुजबूज सुरू होते, देवऱ्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, विचारणा होते, आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे दाखवले जाते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो याच प्रकारांसाठी, आणि त्या कायद्याचे पत्रक घेऊन मी बैठकांना जातो. अशा ठिकाणी सोळा वर्षांच्या मुलांना भुताटकीची पुस्तके कौतुकाने द्यावीत का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. दिवसा मी सांगणार की करणी नसते, आणि रात्री वाचनालय सांगणार की लोखंडाने भूत पळते.

मात्र वरची दोन्ही पत्रे वाचून मी थोडा थांबलो, आणि मोबाइलवर पहिले लॉकवुड पन्नास-साठ पाने वाचले. त्यात मला एक फरक दिसला आणि तो प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या पुस्तकात भूत हे भूतच आहे. त्यासाठी कोणत्याही जिवंत शेजारणीला दोषी धरावे लागत नाही. मुले आधी जुनी वर्तमानपत्रे आणि नोंदी धुंडाळतात, घराचा इतिहास काढतात, कोण कधी आणि कसे मेले याचा पुरावा शोधतात, आणि जिथे हा अभ्यास न करता घाई केली तिथे मार खातात. जॉर्ज हे पात्र तर सगळा वेळ ग्रंथालयातच बसलेले असते. आमच्या गावातल्या कुजबुजीत याच्या नेमके उलट होते, म्हणजे निकाल आधी लागतो आणि पुरावा कुणी मागतच नाही.

तरीही माझा आक्षेप पूर्ण मिटलेला नाही. पुस्तक देणाऱ्याने देऊन मोकळे होऊ नये, वाचून झाल्यावर पोरांशी बोलावे. अमरावतीच्या सरांनी तसे केले म्हणून ते निभले. सगळीकडे असे सर नसतात.

अकरावी विज्ञान (वर्धा जिल्हा)

सगळ्यांना नमस्कार. मी सतरा वर्षांची आहे, म्हणजे ही पुस्तके ज्यांच्यासाठी लिहितात त्यांपैकी इथे बोलणारी बहुधा मी एकटीच आहे.

तुम्ही सगळ्यांनी सभ्य पुस्तकांची नावे घेतली. ‘ट्वायलाइट’चे नाव कुणी घेतले नाही, कारण ते घेतले की लोक हसतात. स्टेफनी मेयर यांचे ते पुस्तक २००५ मध्ये आले आणि २००८ पर्यंत त्याचे चार भाग झाले. आमच्या वसतिगृहात त्याची एकच प्रत आहे, मलपृष्ठ नसलेली, आणि ती मिळवण्यासाठी वहीत क्रम लावलेला आहे. त्यातली नायिका बेला मला फारशी पटत नाही, कारण तिला एडवर्ड या रक्तपिपासू (व्हॅम्पायर) मुलाशिवाय दुसरे काहीच हवे नसते. आणि मुलगी झोपलेली असताना तिच्या खोलीत गुपचूप येऊन बघत बसणारा मुलगा पुस्तकात कितीही देखणा असला तरी खऱ्या आयुष्यात त्याची तक्रार वॉर्डनकडे करायची असते, यावर आमच्या खोलीचे एकमत आहे.

पण त्यातला कार्लाइल मला कुणीही कितीही हसले तरी आवडतो. तो रक्तपिपासू आहे आणि व्यवसायाने डॉक्टर आहे. ज्या गोष्टीची भूक लागते तिच्याच शेजारी तो रोज उभा राहतो, जखमा शिवतो आणि स्वतःला आवरतो, आणि हे त्याने कितीतरी वर्षांच्या सरावाने साधलेले आहे. मला डॉक्टर व्हायचे आहे, रक्त पाहिले की मला चक्कर येते, त्यामुळे असेल. वाचनालयवाल्या काकांनी दुखऱ्या जागेबद्दल लिहिले, त्यात मी एक भर घालते: ज्या पात्राला हवे एक आणि करावे लागते दुसरे, ते पात्र सुटत नाही. भूत असो, रक्तपिपासू असो की ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलगी.

कार्यकर्ते दादांना एक सांगायचे आहे. आम्हाला खोटे आणि खरे कळते. शारदोत्सवात भुलाबाई बसवतो, महिनाभर तिची गाणी म्हणतो, तिच्या सासरच्या गोष्टी रंगवून सांगतो. ती मातीची आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असते.

निवृत्त गुरुजी (गोंदिया जिल्हा)

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून एका जुन्या शिक्षकाने दोन गोष्टी जोडाव्यात असे वाटले. भुते आणि तरुण पात्रे हे मिश्रण परदेशातून आले असे वरच्या पत्रांतून ध्वनित होते, आणि ते विदर्भाच्या माणसाने तरी मान्य करू नये.

आमच्या आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे पद्मपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. या आठव्या शतकातल्या नाटककाराचे ‘मालतीमाधव’ हे दहा अंकी प्रकरण (कल्पित कथानकाचे नाटक) उघडून पाचवा अंक पाहावा. माधव हा शिकायला आलेला तरुण. मालतीचे लग्न राजाच्या मर्जीतल्या माणसाशी ठरते, सगळे मार्ग खुंटतात, आणि हा मुलगा मध्यरात्री स्मशानात उभा राहून पिशाचांना हाका मारतो, त्यांना नरमांस विकायला काढतो, की कुणीतरी प्रसन्न होऊन मालती मिळवून द्यावी. भवभूतीने तिथली पिशाचे भरपूर रंगवली आहेत, त्यांची तोंडे, त्यांची हाडे, त्यांची गर्दी. पण शिकवताना मला दरवर्षी जाणवे की वर्गातली मुले पिशाचांच्या वर्णनावर हसतात, आणि जवळच्या देवळातून मालतीची किंकाळी ऐकू येते, अघोरघंट नावाचा मांत्रिक तिला चामुंडेपुढे बळी द्यायला उभा असतो, तिथे गप्प होतात. पिशाचांपाशी मदत मागायला आलेल्या माधवाला तिथे कुणाचीही मदत मिळत नाही. धावून जावे लागते ते त्यालाच. धुऱ्यावरच्या वाचकांनी विचारलेला प्रश्न त्या अंकात आधीच सुटलेला आहे.

दुसरी गोष्ट मुंजाची. मुंज झालेला आणि सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. म्हणजे आपल्या लोककथांनी किशोरवयाचे एक भूत तयार करून ठेवलेले आहे, पोरपण संपलेले आणि तारुण्य न आलेले, आणि आपण त्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त खडे मारायला लावले. त्याला काय हवे होते, त्याच्या आईचे काय झाले, त्याच्या बरोबरीची मुले मोठी होऊन त्याच पिंपळाखालून बैल घेऊन जाताना त्याला काय वाटत असेल, हे आपण विचारले नाही. मी स्वतः प्रयत्न केला होता. चाळीस पाने लिहिली आणि लक्षात आले की माझा मुंजा साठ वर्षांच्या शिक्षकासारखा बोलतो. हे काम अकरावी विज्ञानसारख्यांचे आहे. कु. अकरावी, ‘नीट’ परीक्षा झाल्यावर विचार करावा.

धुऱ्यावरचा वाचक

सगळ्यांचे आभार. काल रात्री माळ्यावर बसून सगळी पत्रे पुन्हा वाचली. गुरुजी, पाचव्या अंकाचा मराठी अनुवाद तालुक्याला मिळतो का पाहतो.

कार्यकर्ते दादा, तुमचे म्हणणे मला लागले. आमच्या गावात एका घरासमोरून लोक अजून वाट वाकडी करून जातात आणि लहानपणी मीही जात होतो; ते मी पहिल्या पत्रात लिहिले नाही. ल्यूसीने कानांवर विश्वास ठेवला नाही त्याचे मला एवढे का लागले, ते आता थोडे कळते आहे, कारण त्या आजीचा आवाज मला लहानपणीही साधाच वाटायचा.

अकरावी ताई, कार्लाइलसाठी पहिला भाग वाचून पाहीन, पण वहीतला क्रम मोठा असेल तर मला मोबाइलच बरा.

आईला झाडाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला बारा-सातचे काही वाटले नाही, पण पोराची आजी कडक आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “तिची बी तं पोरगीच बिमार हाये ना.” ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

सर, तुमचे वाचनालय बाजाराच्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडे असते? दारव्ह्याहून एस.टी. धरली तर मला पोहोचायला तीन वाजतील.

ड वर्ग वाचनालय (अमरावती जिल्हा)

सातपर्यंत. येताना शेतातला एखादा किलो सोला (ओला हरभरा) आणला तर अनामत माफ.